वरच्या गावाला आणि खालच्या गावाला एकच पत्रक

माझ्या कामाला नाव नाही. घरी पाहुणा आला आणि त्यानं 'हे काय करतात?' असं विचारलं, की बायको 'प्रेसमध्ये असतात' एवढं सांगून चहा ठेवायला आत जायची. ते खोटं नव्हतं. अमरावतीत राजापेठेच्या एका गल्लीत, वर शिकवणीचे वर्ग आणि खाली छापखाना अशा इमारतीत माझी सगळी नोकरी झाली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका यांची प्रुफं तपासायची, हे रोजचं काम. पण निवडणूक लागली की मालक माझ्या टेबलासमोरची लाकडी खुर्ची काढून गादीची ठेवायचे. उमेदवार यायचे ना! त्यांची मतं मी लिहून देत असे.

मत या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक मत लोक उमेदवाराला देतात. दुसरं उमेदवाराकडे असावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझा संबंध या दुसऱ्याशी. विधानसभेला उभ्या राहिलेल्या माणसाला पत्रक लागतं, पेपरात द्यायला मुलाखत लागते, सभेत बोलायला मुद्दे लागतात. आमच्या वऱ्हाडात ते मुद्दे ठरलेले आहेत. पाणी, कापूस, दवाखाना, शाळा, पोरांची नोकरी, रस्ता. या प्रत्येकावर उमेदवाराची भूमिका काय, ते चार-पाच वाक्यांत, खेड्यातल्या माणसाला मोठ्यानं वाचता येईल असं लिहायचं. खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव टाकायचं, तो कायदाच आहे. लिहिणाऱ्याचं नाव टाकायचा कायदा नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे.

लोकांना वाटतं, मी मनानं लिहून द्यायचो. तसं नाही. मी आधी विचारायचो. समोरच्याच्या बोलण्यातूनच पत्रक काढलं तर ते त्याच्या तोंडी बसतं, नाहीतर भर सभेत शब्द अडकतात. अडचण अशी, की बहुतेकांकडे मत नसायचंच. एक उमेदवार तर मी कधी विसरणार नाही. अंगानं भरलेला, स्वभावानं दिलदार, पानाचा डबा उघडून आधी मला पान देणारा.

"शेतकऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"भाव भेटला पाह्यजे."

"शाळांबद्दल?"

"चांगल्या पाह्यजे."

"आणि दवाखाने?"

"ते तं पाह्यजेच ना सर!"

"पण हे होईल कसं?" असं विचारल्यावर तो सोबतच्या माणसाकडे वळला आणि म्हणाला, "सर काय विचारून राह्यले बे?" आमच्या प्रेसमध्ये त्याचं नाव पाहिजेभाऊ पडलं. तो दणकून निवडून आला. मी त्यावर काही बोलत नाही.

त्याच्यानंतर मी प्रत्येकाला एक जास्तीचा प्रश्न विचारू लागलो. तुम्ही म्हणता ते झालं, तर त्रास कोणाला होईल? कोणालाच होणार नाही असं उत्तर आलं, की समजायचं, ही नुसती शुभेच्छा आहे. फार थोडे उमेदवार या प्रश्नापाशी थांबत. बाकीचे हसून सोडून देत.

कधी उलटंही होई. एक ठेकेदार उभा होता. त्याच्याकडून काही निघेना, म्हणून दारूबंदीवर मीच एक वाक्य घातलं: 'माझ्या गावातलं दारूचं दुकान मी आमदार झालो की आधी बंद करीन.' वाचून दाखवलं, तर त्यानं लक्ष न देताच मान हलवली. निवडून आला, आणि पुढच्याच आठवड्यात गावातल्या बाया पत्रक हातात घेऊन त्याच्या वाड्यात बसल्या. उठेचनात. दुकान होतं त्याच्या साडूचं. तो तणतणत प्रेसमध्ये आला.

"हे काहून लिवलं तुमी?"

"तुम्हाला वाचून दाखवलं होतं," मी म्हटलं.

"वाचून दाखवलं म्हंजे काय? मले काय मालूम का कोनी खरं धरीन!"

दुकान मात्र त्याला बंद करावं लागलं. साडूशी बोलणं बंद झालं ते झालंच. ते पत्रक माझ्या हातून झालेलं एक बरं काम असं मी अजून मानतो, जरी त्यात उमेदवाराचा काही वाटा नव्हता.

आता ज्या बाईबद्दल लिहायचं म्हणून बसलो आहे, तिच्याकडे येतो.

सुमन सिस्टर म्हणून अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याच्या बाजूला तिला सगळे ओळखायचे. ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई. गेल्या विधानसभेला ती अपक्ष उभी राहिली. एके दिवशी सकाळच्या एसटीनं अमरावतीला आली आणि पत्ता विचारत विचारत आमच्या प्रेसमध्ये. सोबत कोणी नाही. गादीच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी लिहून देता म्हनतात. मले लिहिता येते, पन लांबते. दवाखान्यात केसपेपर लिहायची सवय, सगळंच लिहावंसं वाटते."

ती का उभी राहिली हे समजायला तो मुलूख थोडा सांगितला पाहिजे. उत्तरेला सातपुड्याचा पायथा. तिथं विहिरींना गोड पाणी, वर धरण, धरणाचा कालवा, केळीच्या आणि संत्र्याच्या बागा. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की जमीन तशीच काळी, पण जमिनीखालचं पाणी खारं. बोअर मारा, विहीर खणा, तोंडात धरवत नाही. खारपाणपट्टा म्हणतात तो हा. पिण्याचं पाणी धरणातून नळयोजनेनं येतं, आणि उन्हाळ्यात कित्येक दिवसांनी एकदा येतं. या गावांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचे लोक बरेच. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, त्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला, डायलिसिसला, आठवड्यातून दोनदा-तीनदा अकोल्याला जावं लागतं. सिस्टर अनेकांसोबत गेलेली. निवृत्तीनंतरही जात होती.

वर आणि खाली, दोन्हीकडची गावं एकाच मतदारसंघात. आणि सिस्टरचं माहेर वरचं, सासर खालचं.

मी माझे मुद्दे काढले. कापसावर ती म्हणाली, "खरेदी केंद्र वेळेवर उघडलं पाहिजे हे सगळेच सांगतीन. तुमी एवढं लिहा, का कापसाची ओल मोजायचं यंत्र शेतकऱ्याच्या समोर लागलं पाहिजे. त्याले आकडा दिसला पाहिजे."

शाळेवर म्हणाली, "पट कमी म्हनून गावातली शाळा बंद करू नये. पोरीची शाळा दूर गेली का घरचे तिचं लग्न काढतात. मी बाळंतपनं केली हायेत अशा पोरींची."

दवाखान्यावर मला वाटलं, तालुक्याला डायलिसिसचं यंत्र मागेल. ती म्हणाली, "यंत्र येते भाऊ. फोटो निघते. मंग ते खोलीत झाकून पडते, कारन चालवनारा नसते. आधी मानूस भरा, मंग यंत्र आना, असं लिहा."

"आणि बेरोजगारी? उद्योग?"

ती म्हणाली, "मले त्यातलं समजत नाही. तसंच लिहा, का समजत नाही."

"ताई, असं कोणी लिहीत नाही."

"मंग तो मुद्दा सोडून द्या."

इतक्या वर्षांत मुद्दा सोडून द्या म्हणणारी उमेदवार पहिल्यांदा भेटली. शेवटी पाण्याचा विषय आला आणि ती खुर्चीत पुढे सरकली. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्या वर्षी धरण पुरं भरत नाही, त्या वर्षी खालच्या गावांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, आणि मग उरेल त्यातून वरच्या शेतीला कालव्याची उन्हाळी पाळी, म्हणजे ठरावीक दिवस सोडायचं पाणी, द्यायचं.

"याने त्रास कोणाला होईल?" मी सवयीनं विचारलं.

"माह्या भावाले," ती म्हणाली. "बाबारावले. त्याची केळी कालव्याच्या अगदी शेवटाले हाये. पाळी कमी झाली का आधी त्याचंच पानी तुटते."

मी लिहायला घेतलं. आमच्या धंद्याची एक रीत आहे. मतदारसंघात दोन तऱ्हेची गावं असली की दोन पत्रकं करायची. वरच्या गावांसाठी मी लिहिलं, की धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांनी घाम गाळून बागा उभ्या केल्या, त्या शेतकऱ्यांच्या पाण्याचा विचार झालाच पाहिजे. खालच्या गावांसाठी लिहिलं, की पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला. एकातही खोटं काही नाही. फक्त एका पत्रकात दुसऱ्याचा उल्लेख नाही. अशी पत्रकं मी मोठमोठ्यांना करून दिली होती आणि त्यांनी ती आनंदानं वाटली होती.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा दोन्ही तिच्यासमोर ठेवली. तिनं वाचली. खालच्या पत्रकात मी 'खारं पाणी पिऊन आमची माणसं मरताहेत' असं एक वाक्य घातलं होतं. माझ्या मते त्या पत्रकातलं तेच सगळ्यात जोरदार. त्यावर तिनं बोट ठेवलं.

"हे काढा. पान्यानंच होते असं डॉक्टर अजून ठाम सांगत नाहीत. मले वाटते, पन वाटनं वेगळं."

"ताई, लोकांना ते भिडेल."

"भिडीन ना. म्हनूनच काढा."

मग तिनं दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले.

"भाऊ, हे वरचं पत्रक खाली कोनी वाचीन का?"

"नाही. तिकडे वाटणारच नाही आपण."

"आन हे खालचं वर?"

"तेही नाही."

"मंग मले यातलं एकबी नको. एकच करा. जे खाली सांगतो तेच वर सांगाचं."

मी तिला समजावलं. वरच्या गावांमध्ये मतं जास्त आहेत, तिथं पाणी बचाव समिती आहे, खाली पाणी नेणाऱ्या पाइपलाइनचं नाव काढलं तरी लोक रस्त्यावर येतात, आणि माहेर म्हणून तुम्हाला जी थोडी मतं मिळतील तीही जातील. तिनं सगळं ऐकून घेतलं. रुग्णाच्या नातेवाइकाचं ऐकावं तसं, मध्ये न बोलता. मग म्हणाली, "वरच्या लोकायले मी निवडून आल्यावर सांगू का? तेव्हा सांगितलं तं ते फसवनं झालं ना."

एकच पत्रक छापलं. त्यात ती म्हणाली तसं, पिण्याचं पाणी आधी. त्याखाली दुसरं वाक्य, तिच्याच शब्दांत: 'यामुळे वरच्या गावांची उन्हाळी पाळी कमी होईल. म्हणून फुटका कालवा आधी दुरुस्त व्हावा आणि वाया जाणारं पाणी त्यांना मिळावं, यासाठी मी भांडेन.' उमेदवारानं कोणाचं काय कमी होईल ते स्वतः छापून देणं, हे त्या प्रेसच्या यंत्रानंही पहिल्यांदाच पाहिलं असेल.

चिन्ह मिळालं शिलाई मशीन. त्याचा वेगळाच ताप झाला. जाईल त्या गावात बाया विचारायच्या, "मशीन कधी वाटनार जी?" सिस्टर शांतपणे सांगायची, "मशीन वाटत नाही. फक्त चित्र हाये."

दिवाळी त्या प्रचारातच आली. भाऊबीजेला ती नेहमीसारखी माहेरी गेली. बाबारावनं नेहमीसारखी ओवाळणी घातली. 'घरात राजकारन नको' एवढं बोलला. पत्रक तोवर त्याच्या हाती पडलेलं नव्हतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ते वरच्या सगळ्या गावांत पोचलं, आणि तिच्या माहेरच्या गावानं तिला सभेला बोलावलं. बोलावलं म्हणण्यापेक्षा जाब विचारायचा होता.

मी कधी कोणाच्या सभेला जात नसे. शिंपी काही नवरदेवाच्या वरातीत नाचत नाही. पण तिनं फोन करून 'भाऊ, तुमी या' म्हटलं आणि मी गेलो. सोसायटीच्या गोदामासमोर दुपारची सभा. माणसं पुष्कळ, आवाज अजिबात नाही. टाळी नाही, घोषणा नाही. समितीचे अध्यक्ष नानाभाऊ, पांढऱ्या टोपीतले वयस्क गृहस्थ, खुर्चीवर पत्रकाची घडी करत बसलेले. बाबाराव मागं, गोदामाच्या भिंतीला टेकून उभा.

सिस्टर उभी राहिली आणि जे छापलं होतं तेच बोलली. लांबवलं नाही, की मवाळ केलं नाही. नानाभाऊंनी विचारलं, "म्हंजे तू आमच्या बागा वाळवनार?"

"नाना, ज्या वर्षी धरन भरलं त्या वर्षी नाही. नाही भरलं त्या वर्षी तुमची एक पाळी कमी होईन. बागेचं नुकसान होईन. मी ते लपवून नाही राहिली."

गर्दीत चुळबुळ झाली. तेवढ्यात मागून बाबारावचा आवाज आला. त्याला भाषणाची सवय नव्हती, आवाज फाटत होता.

"सुमे, या गावानं तुले खारपानात देलं. कोनी पोरगी द्यायले तयार नव्हतं तिकडे, बापानं तुले देलं. लेक देली. आता पानीबी द्याचं का?"

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मी इतकी भाषणं लिहिली, पण त्या क्षणी तिच्या हातात द्यायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.  तिचे डोळे भरलेले दिसत होते. पण आवाज हलला नाही.

"दादा, परवा भाऊबीजेले मी आली. निघताना तू गाडीत पान्याच्या कॅना भरून देल्या. लग्न झालं तेव्हापासून देतं. मी कधी मागतल्या का? तुले माहीत हाये मी काय पेते, म्हनून तू देतं. त्या गावात सगळ्याच बायांचे भाऊ वरचे नाहीत, दादा."

 बाबाराव गोदामाला वळसा घालून निघून गेला. सभा संपली असं कोणी म्हटलं नाही. लोक एकेक करून उठले. नानाभाऊ जाताना माझ्याजवळ थांबले. "तुमीच लिहून देलं म्हनतात. बाई पडनार. पन घरासमोर येऊन बोलली," एवढं म्हणून ते गेले.

ती पडली. तिसऱ्या नंबरावर, पहिल्या दोघांच्या जवळपासही नाही. मोठ्या पक्षाचा उमेदवार आला. त्याची पत्रकं माझ्या टेबलावर तयार झाली नव्हती, पण कोणाच्या तरी टेबलावर झालीच असतील, आणि ती दोन होती. वरच्या गावात सांगत होता, धरणाचा थेंब जाऊ देणार नाही. खालच्या गावात सांगत होता, नळाला रोज पाणी आणीन.

निकालानंतर बूथवार आकडे येतात. कोणत्या केंद्रावर कोणाला किती, ते त्यातून कळतं. माझ्या एका ओळखीच्या वार्ताहरानं ते दाखवले, तेव्हा मी पुन्हा पुन्हा तपासले. प्रुफं तपासणाऱ्याला आधी छापण्यातली चूक वाटते. तिच्या माहेरच्या गावात तिला थोडी का होईना, पण दखल घ्यावी इतकी मतं होती. सासरच्या गावात, ज्यांच्या पाण्यासाठी ती भावाशी भांडली त्या गावात, त्याहून कमी.

हे तिला सांगावं की नाही, याचा मी फार विचार केला. काही दिवसांनी कामानिमित्त अकोल्याला गेलो, तेव्हा डायलिसिस चालतं त्या दवाखान्याच्या बाहेर ती भेटली. एका म्हाताऱ्या बाईला घेऊन आली होती. आत बाईचं डायलिसिस चालू होतं आणि सिस्टर बाहेर बाकावर दोघींचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, तिला आकडे आधीच माहीत असतील. नव्हते. मी सांगितले. तिनं डब्याचं झाकण घट्ट केलं आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिली.

तिकडे पाहतच म्हणाली, "तिथं मानसं आजारी हायेत भाऊ. ज्याच्या घरात आजारी मानूस हाये, त्याले मत देताना भेव वाटते. उपचाराले मदत मिळवाची तं आमदाराची शिफारस लागते. निवडून येनार त्यालेच द्या लागते मत. मी नर्स होती. मले राग नाही येत त्यायचा."

"वाईट तर वाटत असेल."

"वाईट वाटून राहिलं," ती म्हणाली. "खूप वाटून राहिलं."

मग तिनं मला पोळीभाजी दिली आणि आम्ही तिथंच बसून जेवलो.

त्यानंतर मी निवडणुकीचं लिहिणं सोडलं. वयही झालं होतं, आणि आता मोबाइलवर लिहून मिळतं म्हणतात. दोन पत्रकांच्या रीतीला मी आजही सरळ खोटं म्हणणार नाही. पण पुन्हा ती लिहायला हात उचलला नसता, हेही खरं.

गोष्ट इथं संपली असती, पण संपली नाही. त्या वर्षी धरण अर्धंमुर्धंच भरलं होतं. उन्हाळा चढला, तसं खालच्या गावांना येणारं पाणी आणखी लांबलं. तिकडचे लोक घागरी घेऊन पाटबंधारे खात्याच्या कार्यालयावर जायला निघाले. वरचे लोक कालव्याच्या दरवाजावर बसायला निघाले. तहसीलच्या रस्त्यावर दोन्ही मोर्चे एकमेकांसमोर आले आणि बाचाबाचीत दोघांनीही आमदारानं दिलेला शब्द काढला. दोन शब्द दोन तऱ्हेचे होते, हे तिथं भर उन्हात सगळ्यांना कळलं. आमदार फोन घेत नव्हते.

मग नानाभाऊंनी सुमन सिस्टरला फोन केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: बाई आमच्या विरोधात आहे, पण तिनं वर आणि खाली एकच सांगितलं. दोन्हीकडचं ऐकणारं दुसरं माणूस आम्हाला सापडत नाही. खालच्या गावांनीही तिचंच नाव काढलं.

बैठक पायथ्याच्याच एका गावात, मंगल कार्यालयात झाली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मीच गेलो. सिस्टर सासरहून येणार होती, ती मोटारसायकलवर मागं बसून आली. गाडी बाबाराव चालवत होता. तो इतक्या लांब तिला घ्यायला गेला होता. सभेनंतर दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते, आणि येतानाही बोलले नसावेत, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं.

बैठक तासन्‌तास चालली. आवाज चढले, एकदोघे उठून गेले आणि परत आले. सिस्टर मध्ये बसून प्रत्येकाला दुसऱ्याचं म्हणणं पुन्हा सांगत होती, न वाढवता, न कमी करता. शेवटी ठरलं ते असं. उन्हाळ्याची शेवटची पाळी अर्धीच सोडायची. उरलेलं पाणी पिण्यासाठी राखायचं. बदल्यात फुटका कालवा दुरुस्त करून घ्यायला खालच्या गावांनी वरच्यांसोबत बसायचं. अर्ध्या पाळीचा अर्थ तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. पाणी कालव्याच्या निम्म्यापर्यंतच पोचणार. शेवटाच्या शेतांना थेंबही नाही.

नानाभाऊंनी वरच्या गावांना हात वर करायला सांगितलं. हात वर होत गेले, काही लगेच, काही दोन्हीकडे पाहून. कालव्याच्या शेवटाची शेतं ज्यांची, ते सगळे बाबारावकडे पाहत होते. तो गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. सिस्टर त्याच्याकडे पाहत नव्हती, ती खाली जमिनीकडे पाहत होती. मग बाबारावनं हात वर केला. त्याच्या मागून बाकीच्यांनी.

लोक पांगले. सिस्टर आत खालच्या गावांच्या बायांशी बोलत थांबली होती. बाबाराव बाहेर लिंबाच्या सावलीत गाडीला टेकून उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि माझी ओळख दिली. त्यानं मला ओळखलं होतं.

"केळीचं कसं होईल?" मी विचारलं.

"अर्धी जाईन," तो म्हणाला. "विहिरीवर वाचली तेवढी वाचली."

 मग तोच म्हणाला, "मत मी तिले नाही देलं, भाऊ. खोटं काहून सांगू? गावानं ठरवलं होतं, मीबी त्यातच होतो. मत नाही देलं." त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "पानी देलं."

सिस्टर बाहेर आली. बाबारावनं गाडीला किक मारली. ती मागं बसली, पदर खोचला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी दक्षिणेकडे, खारपाणाच्या रस्त्याला लागली.